चारशे एकविसावी चिठ्ठी

मैदानावर त्याला सगळे फूटपट्टी म्हणायचे. तोंडावर नाही अर्थात, तोंडावर ‘साहेब’. पण साहेबांना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. तीस वर्षं तो त्या फुटबॉलच्या मैदानावर पूर्वेकडच्या गॅलरीचा सुपरवायझर होता. गॅलरीत सहा हजार खुर्च्या. कुठल्या खुर्चीचा स्क्रू ढिला आहे, कुठल्या पायरीवर पाणी साचतं, कुठला गृहस्थ हरल्यावर बाटली भिरकावतो, हे सगळं त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि वशिला? नाव काढू नका. क्लबच्या अध्यक्षांचा जावई एकदा तिकीट घरी विसरून आला, तर या पठ्ठ्यानं त्याला पूर्ण सामनाभर गेटबाहेर उभं केलं. नोकरी जायची वेळ आली होती तेव्हा.

त्याची ताई अगदी उलट. दहा वर्षांनी मोठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, मैदानापासून दोन गल्ल्या सोडून दोन खोल्यांत एकटीच राहायची. आई लवकर गेली तेव्हा भावाला न्हाऊमाखू घालून शाळेत पोचवणारी हीच आणि पहिल्यांदा बोटाला धरून सामना बघायला नेणारीही हीच. तोंड मात्र असं, की विचारू नका! गॅलरीत तिला भोंगा म्हणायचे. रेफरीनं शिट्टी वाजवली रे वाजवली की ही उभी राहून त्याच्या चष्म्याचा नंबर विचारायची, मग त्याच्या सात पिढ्यांकडे वळायची. भावाचीही यातून सुटका नव्हती. तिचा फोन आला की पहिला शब्द ‘मेल्या’, दुसरा ‘गाढवा’, आणि मग कुठे मुद्दा. शेजारची म्हातारी कानावर हात ठेवायची. फूटपट्टीला मात्र त्या शिव्या ऐकल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही.

मग साथ आली आणि मैदानाला कुलूप लागलं. आधी महिनाभरासाठी, मग तीन महिन्यांसाठी, मग कोणी काही सांगेनासंच झालं. काही महिन्यांनी सामने सुरू झाले ते रिकाम्या मैदानावर. खेळाडू आपले धावतायत, गोल होतोय आणि कर्ण्यावरून टाळ्यांची टेप वाजतेय! फूटपट्टी एकटा त्या सहा हजार खुर्च्यांच्या मधोमध बसून ते बघायचा, आणि त्याला अक्षरशः लाज वाटायची. ताई घरी टीव्हीसमोर बसून ओरडायची. पण थंडीत तिला धाप लागायला लागली, आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, “हृदय थकलंय त्यांचं. दिवस निघतील, पण किती ते मी सांगू शकत नाही.”

घरी आणल्यावर ताईनं त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. “मेल्या, मला टीव्हीसमोर मरायचं नाही. एक सामना मला गवतासमोर बसून बघायचाय. एकच.”

“बघशील गं. उघडेल की आता.”

आणि खरंच उघडलं. सरकारनं एका सामन्याला परवानगी दिली, चाचणी म्हणून. प्रेक्षक फक्त सहाशे, तेही पूर्वेच्या गॅलरीत. पंधरा दिवसांत त्यातलं कोणी आजारी पडलं नाही तर पुढे आणखी माणसं आणि आजारी पडलं तर पुन्हा कुलूप. म्हणजे सगळा भार फूटपट्टीच्या डोक्यावर. आरोग्य खात्याकडून एक डॉक्टरीणबाई देखरेखीला आल्या. त्यांनी दोन मीटर म्हटलं की हा टेप काढून सव्वादोन मोजायचा. हातात सुतळीचा गुंडा घेऊन हा माणूस आठ दिवस गॅलरी चढत-उतरत होता. जिच्यावर बसायचं नाही त्या प्रत्येक खुर्चीला त्यानं स्वतः सुतळीनं आवळून टाकलं. एका घरातली माणसं शेजारी बसतील, बाकीच्यांमध्ये तीन खुर्च्या मोकळ्या, आणि पुढच्या माणसाच्या थेट मागे कोणी नाही. आत यायच्या वेळा ठरलेल्या, बाहेर पडताना वरच्या रांगा शेवटी. संडासाबाहेर पायाच्या खुणा रंगवल्या. आणि ओरडायचं नाही. घोषणा नाहीत, गाणी नाहीत, फक्त टाळ्या. तोंडातून तुषार उडतात ना!

ताईला हे कळल्यावर ती उखडली. “ओरडायचं नाही? मग मी येऊन काय भिंतीवरची पाल होऊ?” पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच तिचा फोन. “गाढवा, चालेल मला. तोंड शिवून बसते. पण जायचंय.” स्वतः डॉक्टरांकडे जाऊन तिनं चिठ्ठीही आणली होती: उघड्यावर, मास्क लावून, अंतर ठेवून बसायला हरकत नाही. अर्ज रीतसर भरला, तिकीट खिडकीवरच्या बाईंच्या हातात दिला. भावाला म्हणाली, “तू मध्ये पडायचं नाहीस. निघालं नाव तर निघालं.”

अर्ज आले चार हजार. कॉम्प्युटरवर कोणाचाच विश्वास नव्हता म्हणून ठरलं की चिठ्ठ्या काढायच्या. चेंडू ठेवायच्या मोठ्या कापडी पिशवीत सगळ्या चिठ्ठ्या भरल्या. क्लबच्या कचेरीत खिडक्या सताड उघड्या ठेवून तिघंच बसली: चिठ्ठी काढायला फूटपट्टी, निघेल त्या क्रमानं खुर्चीचा नंबर घालून नाव लिहून घ्यायला तिकिटाच्या बाई आणि साक्षीला डॉक्टरीणबाई. बाहेर गेटवर माणसं थांबलेली. सकाळी आत येताना त्यातल्या एकानं मुद्दाम ऐकू जाईल असं म्हटलं होतं, “बघा, आता साहेबांचं अख्खं खानदान पहिल्या रांगेत!” साधं वाक्य हो, रिकामटेकड्या माणसाचं. पण ते त्याच्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं.

चारशे वीस चिठ्ठ्या झाल्या. दीड तास झाला होता, बोटं काळी पडली होती. डॉक्टरीणबाई फोनवर बोलत व्हरांड्यात गेल्या होत्या. चारशे एकविसावी त्यानं उघडली आणि त्याचे कान तापले.

ताईचं नाव.

“वाचा ना,” बाई म्हणाल्या. मग मान लांब करून त्यांनीच बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. “अगंबाई! ताईंची निघाली की! चौदावी रांग, बावीस नंबर.”

“लिहू नका.”

“अहो, का? रीतसर निघाली आहे.”

“रीतसर आहे हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. बाहेरच्यांना कोण सांगणार? मी काढली, माझ्याच हातात माझ्या बहिणीची आली. म्हणतील, सगळंच नाटक होतं. मग बाकीच्या पाचशे नव्याण्णवांवर कोण विश्वास ठेवेल?”

“लोकांचं काय घेऊन बसलात! त्या आजारी आहेत हो.”

“पुढच्या वेळी मी सोडतीला बसणार नाही. दुसरं कोणी काढेल. तेव्हा निघू दे.” आणि त्यानं चिठ्ठीची घडी घातली, ती परत पिशवीत टाकली, कोपरापर्यंत हात घालून पिशवी ढवळली आणि दुसरी काढली. बाईंनी ते दुसरं नाव लिहिलं. उरलेल्या चिठ्ठ्यांत ताईचं नाव पुन्हा निघालं नाही.

आता मला सांगा, कोणी सांगितलं होतं याला एवढं शहाणपण करायला? नियम मोडला असता तर गोष्ट वेगळी. इथे नियमानंच तिला खुर्ची दिली होती. यानं ती काढून घेतली, ती नियमासाठी नाही, तर स्वतःच्या नावाला डाग नको म्हणून. त्याला हे तेव्हा कळलं नाही असंही नाही. अर्धं कळलं होतं. पण अर्धं कळणं काय कामाचं?

संध्याकाळी त्यानं ताईला फोन केला. शब्द जुळवून ठेवले होते, आणि ती काय काय बोलेल तेही ठाऊक होतं, त्यामुळे आवाज आधीच पडला होता. “ताई, नाही गं निघालं नाव.”

ती म्हणाली, “बरं. जेवलास का?”

“अजून नाही.”

“जेवून घे. दमला असशील.”

एवढ्यावरच सुटलो, असं त्याला वाटलं. खरंच तसं वाटलं, आणि फोन ठेवून तो जेवायला बसला.

सामना झाला. सहाशे माणसं अकरा गेटांतून, आपापल्या वेळेला, मास्क लावून आली. कित्येकांचे डोळे हिरवळ दिसताच भरून आले. एक म्हातारा तर पायरीवरच थबकला आणि त्याच्यामागची रांग तशीच खोळंबली, पण कोणी कुरकुरलं नाही. गोल झाला तेव्हा सगळे उभे राहिले आणि कोणीही ओरडलं नाही, नुसत्या टाळ्या, कितीतरी वेळ. फूटपट्टीचं लक्ष मात्र चौदाव्या रांगेतल्या बावीस नंबरवर. तिथे एक जाडगेला गृहस्थ बसला होता. त्यानं गोल पाहिलाच नाही, मोबाइलवर कोणाला तरी काहीतरी लिहीत होता. मध्यंतरानंतर वीस मिनिटांनी तो उठला आणि निघून गेला. फूटपट्टीला त्याची गचांडी धरून त्याला परत आणून बसवावंसं वाटत होतं. पण नियम काय म्हणतो? वाटेल तेव्हा जाता येतं.

दुसऱ्या दिवशी तो ताईच्या दारात उभा राहून सगळं सांगत होता. आत जात नव्हता, अंतर ठेवून. ती खुर्चीत बसून, उशीला टेकून ऐकत होती. टाळ्या किती वेळ वाजल्या, गवत किती कापलं होतं, नवा गोलकीपर कसा आहे, सगळं खोदून खोदून विचारलं. मोबाइलवाल्याचं त्यानं सांगितलं नाही. शेवटी ती म्हणाली, “चांगलं केलंस रे. तुझ्याशिवाय कोणाला जमलं नसतं.” त्याला गलबलून आलं, कारण असं ती आयुष्यात कधी म्हणाली नव्हती.

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. सहाशेपैकी एकालाही लागण झाली नव्हती. पुढच्या सामन्याला दीड हजार माणसं! अध्यक्षांनी कोपराला कोपर लावून अभिनंदन केलं, वर्तमानपत्रात फोटो आला. त्यानं त्याच दिवशी अर्ज देऊन स्वतःला सोडतीतून मोकळं करून घेतलं. सोडत रविवारी होती. गुरुवारी दुपारी ताई टीव्हीसमोरच्या खुर्चीत गेली. जुना कुठलातरी सामना चालू होता. शेजारच्या म्हातारीला आज आवाज कसा नाही म्हणून शंका आली, तेव्हा कळलं.

अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी. स्मशानभूमीच्या दालनात खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. त्यानं सवयीनं अंतर डोळ्यांनीच मोजलं, ते बरोबर होतं, आणि म्हणूनच कोणी त्याच्या पाठीवर हात ठेवू शकलं नाही. सगळं उरकल्यावर बाहेर आला तर तिकिटाच्या बाई फाटकापाशी थांबलेल्या. त्या विसांत त्यांचं नाव नव्हतं म्हणून त्या दोन तास रस्त्यावरच उभ्या होत्या.

“माझं चुकलं साहेब,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला सांगणार नव्हते. पण आता पोटात ठेववत नाही.”

“काय झालं?”

“सोडतीच्या दिवशी दुपारीच मी ताईंना फोन केला होता. ‘तुमचं नाव निघालं होतं, पण साहेबांनी परत टाकलं,’ असं सांगितलं. मला वाटलं, त्या तुम्हाला चांगल्या फैलावर घेतील आणि तुम्ही ऐकाल. यादी संध्याकाळी लागायची होती हो, तोवर बदलता आली असती.”

त्यानं फाटक धरलं. “म्हणजे मी फोन केला तेव्हा...”

“त्यांना माहीत होतं. मला म्हणाल्या, ‘तो लहानपणापासून असाच आहे, घरच्या माणसाला शेवटी वाढतो. आता खोटं सांगताना त्याच्या जिवाचं पाणी होईल. त्याला कळू देऊ नका, मला माहीत आहे म्हणून. मी चिडले तर तो माझं नाव यादीत घालेल आणि मग जन्मभर मान खाली घालून फिरेल. एका सामन्यासाठी कशाला?’ म्हणाल्या.”

बाई रडत होत्या. रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत फूटपट्टी खाली बसला आणि डोकं गुडघ्यात घालून मोठमोठ्यानं रडला. बावन्न वर्षांचा माणूस, आई गेल्यावर पोरं रडतात तसा.

“अगं, एकदा तरी शिव्या घालायच्या होत्यास,” तो म्हणत होता. “एकदा तरी मेल्या म्हणायचं होतंस गं. मी आणलं असतं तुला.”