केळ्याची वाइन आणि अक्कांचं भरीत

टेबलावर ग्लास मांडून मी नॅपकिनच्या घड्या घालत होते. तेवढ्यात खिडकीतून तळलेल्या मिरच्यांचा वास आला. हातातला नॅपकिन टाकला आणि मागच्या अंगणात पळाले.

तिथे सतरंज्या अंथरलेल्या. आमचे दहाही पाहुणे मांडी घालून बसलेले. ताटात वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात, वर तळलेल्या मिरच्या. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप चालला होता, त्या राजाध्यक्ष सरांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुन्हा भरीत मागत होते.

"या ना मॅडम, जेवाले बसा," आमचे मालक नाना म्हणाले. पळी घेऊन स्वतः वाढत होते.

"नाना, टेस्टिंग व्हायचंय अजून!"

"व्हईन ना. वाइन काय पयून चालली?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. का, ते सांगते.

मी वाइनमेकर आहे. फळाच्या रसात यीस्ट सोडायचं, ते साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं, आणि तोवर रस नासणार नाही याची राखण करायची, हे माझं काम. लोकांना वाटतं, बाई दिवसभर ग्लास घेऊन फिरत असेल. दिवसभर मी पाइप धुते. रावेरकडे नानांच्या केळीच्या बागेला लागून आमची छोटी वायनरी आहे. द्राक्षाची वाइन सगळेच करतात, आपण केळ्याची करू, हा हट्ट माझा. केळ्याचा रस निघत नाही, लगदा निघतो. त्यात एन्झाइम घालून तो पातळ करावा लागतो, नाहीतर वाइन पेजेसारखी गढूळ दिसते. चार वर्षं खपून मी ती काचेसारखी स्वच्छ केली. दोन प्रकारची. एक ड्राय, म्हणजे जिच्यात गोडवा उरलेला नाही. दुसरी मीडियम स्वीट, तिच्यात थोडी साखर राखलेली. ड्राय माझी लाडकी. स्वीटकडे मी जरा नाक मुरडूनच बघायची.

खपत मात्र दोन्ही नव्हत्या. नाशिककडच्या एका कंपनीला त्यांच्या द्राक्षाच्या वाइनसाठी आमच्या टाक्या भाड्याने हव्या होत्या. नानांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "पोरी, रविवारी या पाहुन्याहीले आवडली तं चांगलंच. नाही तं सोमवारी मी त्या कंपनीले हो म्हनतो." म्हणजे केळ्याची वाइन बंद. नानांचं काही चुकत नव्हतं, पण मला रात्री झोप लागत नव्हती. लोकांच्या द्राक्षांची राखण करायला मी रावेरला आले नव्हते.

पाहुणे होते हॉटेलांच्या एका ग्रुपचे. त्यांच्या सगळ्या हॉटेलांत कुठली बाटली ठेवायची हे राजाध्यक्ष ठरवतात. खानदेशात काय काय बनतं ते बघायला वीकेंडची ट्रिप काढलेली. शनिवारी सकाळी साक्रीच्या बाजूला द्राक्षाची वायनरी, संध्याकाळी धुळ्याबाहेर एक ब्रुअरी आणि रविवारी आम्ही. पाहुण्यांचा कल कळावा म्हणून मीही दोन्ही दिवस त्यांच्याबरोबर टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये होते. गाडी भुसावळच्या सलीमभाईंची. अशा ट्रिपला न पिणारा ड्रायव्हर लागतो, आणि सलीमभाई तर चहाही बिनसाखरेचा घेतात.

साक्रीला सगळं शिस्तीत झालं. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. टेस्टिंगची रीतच ती. दहा वाइन गिळल्या तर अकरावीची चव कोण सांगणार? ब्रुअरीत हॉप्स नावाच्या फुलांचा कडवटपणा राजाध्यक्षांना फार आवडला. तिथे ते मजेत येऊन मला म्हणाले, "काय मॅडम, उद्या आम्हाला शिकरण पाजणार म्हणे?" सगळे खो खो हसले. मला मिरच्या झोंबल्या. पण गिऱ्हाईक म्हटल्यावर दात दाखवून हसले.

आणि आता हे भरीत!

तिखटाने जीभ भाजलेली असली की अल्कोहोल त्या आगीत तेल ओततं. ड्राय वाइनमधला आंबटपणा, कडवटपणा सुया टोचल्यासारखा लागतो. म्हणून टेस्टिंगच्या आधी फक्त साधा पाव आणि साधं पाणी. मी तर पाहुण्यांना सेंटसुद्धा लावू देत नाही. आणि इथे दहाच्या दहा जिभा भाजून तयार. थांबावं तर संध्याकाळी भुसावळहून त्यांची रेल्वे होती. सलीमभाई दोनदा घड्याळ दाखवून गेले होते.

मी घाईने सगळ्यांना ताक दिलं. पहिला घोट घेताच एक बाई ठसकल्या. अक्कांनी, म्हणजे नानांच्या मंडळींनी, ताकातही मिरची वाटून घातली होती. मी हात टेकले.

तरी टेस्टिंग रूममध्ये सगळ्यांना बसवलं आणि ड्राय ओतली. राजाध्यक्षांनी ग्लास फिरवला, हुंगला, मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडतोय तोच त्यांनी घोट घेतला. चेहरा असा झाला, जसं एरंडेल पाजलं.

"कडू आहे हो. आणि घशात नुसता जाळ." बादलीत थुंकले.

मग एकेकजण थुंकला. दारात उभे असलेले नाना घाबरून म्हणाले, "काय झालं? नासली का?"

"नाही नाही," राजाध्यक्ष मोठ्या अदबीने म्हणाले, "जेवण मात्र फर्स्ट क्लास होतं तुमचं."

डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. पाहुण्यांना जरा बाग बघून या म्हटलं, सलीमभाईंना त्यांच्याबरोबर पाठवलं आणि नानांना टाक्यांच्या खोलीत गाठलं.

"नाना, काय केलंत हे! एक तास थांबता आलं नाही? चार वर्षांच्या मेहनतीवर मिरची वाटलीत तुम्ही!"

नाना मला कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "सकायपासून गाडीत बसेल मानसं. दारात आले तं त्याहीले उपाशीपोटी दारू पाजू? माह्या घरी? गावात तोंड दाखवता येईन का मले?"

आमच्याकडे हिवाळ्यात पाहुणा आला आणि भरीत न खाता गेला, तर तो पाहुणा आलाच नाही असं धरतात. नानांनी वांगी मुद्दाम भरितासाठी नावाजलेल्या बामणोदकडून मागवली होती. अक्कांनी पहाटे उठून ती पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजली होती. माझ्या नॅपकिनच्या घड्या त्यांना कशा दिसणार?

तेवढ्यात अक्का माझं ताट घेऊन आल्या. "तू सकायपासून काही खाल्लं नाही वं. आधी खाय, मंग भांड."

रागारागात मोठा घास तोंडात कोंबला. बाई गं! कानातून धूर निघाला. पाण्याचा जग टेस्टिंग रूममध्ये, आणि समोर मीडियम स्वीटची टाकी. बाटल्यांत भरायची म्हणून ती छान गार करून ठेवली होती. तोटी सोडली, स्टीलचं फुलपात्र भरलं आणि घटाघटा प्यायले.

आणि थांबले.

आग गेली होती. मिरचीचा जाळ साखरेने आणि गारव्याने पुसून टाकला होता. पण वांग्याचा धुरकट वास, लसूण, शेंगदाणा सगळं जागच्या जागी होतं, आणि त्यावर पिकल्या केळ्याचा मंद वास. दुसरा घास खाल्ला, दुसरा घोट घेतला. तेच! चार वर्षं मी ही वाइन कोऱ्या जिभेवर चाखत होते. भरिताबरोबर एकदाही प्यायले नव्हते, आणि तेही रावेरात राहून! मला एकदम हसू फुटलं. नाना-अक्का एकमेकांकडे बघायला लागले.

"अक्का, भरीत उरलंय?"

"हे काय इचारनं झालं? अर्धं पातेलं आहे."

"मग सतरंज्या परत अंथरा."

टेस्टिंग रूमला मी कुलूप घातलं. पाहुणे बागेतून आले तसे त्यांना अंगणातच बसवलं. राजाध्यक्ष कुरकुरले, "अहो मॅडम, पोटात जागा नाही आता."

"दोनच घास, सर. मग ओरडा हवं तर."

प्रत्येकापुढे भाकरीचा चतकोर, भरीत आणि फुलपात्रात गार मीडियम स्वीट. राजाध्यक्षांनी घास घेतला, मघासारखे हाशहुश करायला लागले आणि घोट घेतला. बादली मी मुद्दाम आणलीच नव्हती. पुन्हा घास, पुन्हा घोट. मग फुलपात्र पालथं करून बघितलं.

"ही कुठली?"

"शिकरण, सर."

अंगणात असा हशा पिकला की सलीमभाई गाडीतून उतरून बघायला आले. मघाशी ठसकलेल्या बाई फुलपात्र पुढे करून म्हणाल्या, "मला अजून शिकरण." राजाध्यक्षांनी कान पकडले. मग भाकरी मागितली. पोटात जागा नसलेल्या त्या माणसांनी पातेलं खरवडून रिकामं केलं. एकही घोट वाया गेला नाही. नाना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आता कोनी थुकू नाही राह्यलं, मॅडम!" मला इतका आनंद झाला होता की मी अंगणातच अक्कांना मिठी मारली, हात भरिताचे असताना.

निघताना राजाध्यक्ष कामाचं बोलले. "नुसती बाटली मी घेणार नाही. भरिताबरोबर घेईन. आमच्या सगळ्या हॉटेलांत खानदेशी जेवण ठेवू, त्यासोबत हीच वाइन. आमच्या शेफना इथे पाठवतो, अक्कांनी शिकवायचं. तुमच्याच्याने पुरवठा होईल ना?"

मी हिशेब करायच्या आत नाना म्हणाले, "साहेब, तुमी पिऊन थकसान, माही केयी नाही थकाची."

सोमवारी सकाळी नाशिकच्या कंपनीचा फोन आला. नानांनी स्पीकर लावला आणि मला खूण करून जवळ बोलावलं. पलीकडचा माणूस म्हणाला, टाक्या कधीपर्यंत रिकाम्या होतील?

"नाही व्हत," नाना म्हणाले. "आमच्याच वाइनले कमी पडू राह्यल्या." आणि फोन ठेवून बागेत निघून गेले.

ड्राय अजूनही मी थोडी करते, माझ्यासाठी. टेस्टिंगच्या आधी जीभ कोरी हवी हे शास्त्र खरंच आहे आणि ते मी अजूनही मानते. फक्त आमच्याकडच्या कार्यक्रमात आता पहिलं जेवण असतं, आणि पाहुण्याने आधी पाव मागितला तर अक्का त्याच्या तब्येतीची चौकशी करतात.