हळदीऐवजी स्नो

आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लग्नातली हळद बंद झाली. त्याला चार-पाच वर्षं होऊन गेली असतील, तेव्हा माझं लग्न ठरलं. "हळद नाही तर नाही, पण पोरीच्या तोंडाले काहीतरी लावाच लागन ना बाप्पा!" मायनं टुमणं लावलं. लग्न माझं, तोंड माझं, पण मला विचारतंय कोण! माझी वहिनी यवतमाळला बायकांच्या वर्गात स्नो, म्हणजे तोंडाला लावायचं पांढरं क्रीम, करायला शिकून आली होती. ती म्हणाली, "घरीच बनवू न स्नो."

लग्नाच्या आदल्या सकाळी तिनं सामान मांडलं. एका वाडग्यात पांढरे पापुद्रे, बाटलीत कॉस्टिक सोड्याचं पाणी.

"हे काय व?" मायनं पापुद्र्यांकडं बोट दाखवलं.

"स्टिअरिक ॲसिड."

झालं! मायच्या तोंडचं पाणीच पळालं. माझा मामा दिग्रसला मोटारी दुरुस्त करायचा. बॅटरीच्या ॲसिडनं सोललेलं त्याचं मनगट मायनं स्वतः धुतलं होतं. "पोरीच्या तोंडाले ॲसिड? काहून तिच्या जिवावर उठली तू?"

वहिनी हसली. "अवो आत्याबाई, हे ते ॲसिड नोहे. तेलातून, चरबीतून निघते हे. पाहा न हातात घेऊन, मेणासारखं तर आहे."

मायनं हात लावला नाही. सोड्याची मात्र तिला भीती नव्हती, कारण सोड्यात ती रोज कपडे भिजवायची. तो सोडा वेगळा आणि हा वेगळा, हे तिला कोण सांगणार?

वहिनी पाण्याला गेली, मी आत पेटी भरत होते. तेवढ्यात मायनं ते पापुद्रे उकिरड्यावर नेऊन टाकले. वंदनेसाठी आणलेल्या मेणबत्त्या किसणीवर किसल्या आणि तो पांढरा कीस वाडग्यात भरून ठेवला. हे तिनं आम्हाला मागाहून सांगितलं.

वहिनीनं येऊन तोच कीस वितळवला, सोड्याचं पाणी ओतलं आणि घोटायला बसली. पण ते मिळूनच येईना. वर मेणाचे गोळे, खाली पाणी. "वर्गात तर लोण्यावानी झालं होतं," ती पुटपुटली. तोवर शेजारच्या बाया येऊन बसल्या, लाव लाव म्हणू लागल्या. वहिनीनं बोट बुडवून माझ्या गालाजवळ आणलं. मी डोळे गच्च मिटले. मलाही त्या ॲसिडच्या नावाचा धसकाच होता.

माय आडवी आली. "थांब. आदी मले लावू दे."

तिनं वाडग्यातून चांगलं बोटभर घेतलं आणि गालावर चोळलं. आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. "काही नाही होत," ती हसली. थोड्या वेळानं हसणं थांबलं. "आग होऊन राह्यली व."

वहिनीनं गालाला हात लावला तर बोट साबणावरून सरकावं तसं सरकलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "पाणी! पाणी आणा!" घागरीवर घागर ओतली. गाल लालबुंद झाला होता, एका जागी कातडी सुटली होती. हे माझ्या तोंडाला लागलं असतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

"सोडा तसाच राह्यला! आत्याबाई, या वाडग्यात काय टाकलं तुम्ही?"

मायनं सांगितलं. वहिनीनं वाडगा लांब सारला. "अवो, सोडाच तर जाळते! ॲसिड त्या सोड्याले मारते, म्हणून स्नो मऊ होते. मेण काहीच करत नाही. जे वाचवणार होतं तेच फेकलं तुम्ही."

आज कितीतरी क्रीमच्या डब्यांमागे स्टिअरिक ॲसिडचं नाव छापलेलं असतं. ते निरुपद्रवी आहे हे पक्कं ठाऊक असूनही, वाचलं की मी डबी तशीच खाली ठेवते.

दुसऱ्या दिवशी पांढरं लुगडं नेसून, कोऱ्या तोंडानं मी लग्नाला उभी राहिले. माय पदरानं गाल झाकून सगळ्यांच्या मागं होती. निघताना मी तिच्या गळ्यात पडायला गेले तर तिनं दोन्ही हातांनी मला लांब धरलं. "तोंड नको लावू बाई, तुले लागन." गाल किती पाण्यानं धुतला होता, पण तिला पटेचना. माझ्या तोंडावरून हात फिरवला, तोही पदरात गुंडाळून.