टोपणाचं माप

शिस्त पाहावी तर आमच्या आंधळगावच्या या विणकराची. कोसा रेशमाच्या ताण्यातला एक धागा चुकला, तरी तो मोजणी पहिल्यापासून करतो. केमो सुरू असतानाही मोहाची दारू खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजूनच घेतो.

नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "दारू घेतली तर हे औषध लिव्हरला झेपणार नाही. जीव जाईल." मी सोबत गेलो, त्या दिवशी त्यांनी विचारलं, "दारू सुटली ना?"

"एकच टोपण, जी. मोजून," तो म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. नर्स सुई घेऊन उभी होती.

"टोपण एकच आहे," मी म्हणालो. "बारा वेळा भरतो."

केमो रद्द झाली. परतीच्या बसमध्ये त्याने भंडाऱ्यापर्यंतच्या तिकिटाचे पैसे दोनदा मोजले. मग म्हणाला, "काहून खोटं सांगतलं, गुरुजी? अकरा वेळा भरतो."