कपाटातला सॅक्सोफोन

कार्यक्रमाआधी ब्लेझर अंगात घातला आणि डांबरगोळ्यांचा वास आला. एकदम खडकीतलं आमचं क्वार्टर आठवलं.

सॉफ्टवेअरमधली चांगली नोकरी सोडून मी जॅझ वाजवायचं ठरवलं, तेव्हा दारूगोळा कारखान्यात काम करणारे बाबा एवढंच म्हणाले, "सनई तरी शिकायचीस. लग्नात बोलावतात."

शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी आईच्या कपाटात, साड्यांमध्ये सॅक्सोफोनचं तोंड खुपसून रियाज करायचे. डांबरगोळ्यांचा वास नाकात आणि सूर साड्यांत मुरायचे. बाहेरच्या खोलीत बाबा टीव्हीचा आवाज वाढवून बसायचे.

एका रविवारी दुपारी वीज गेली. टीव्ही गप्प झाला, तशी मीही ओशाळून थांबले. दाराच्या फटीतून पाहिलं, तर बाबा काळ्या पडद्यासमोर तसेच बसलेले. मान न वळवता म्हणाले, "थांबलीस का? तुझं काय विजेवर चालतं?"

मला तो टोमणा वाटला. रागाने कपाटाचं दार लावलं आणि खोलीच्या मधोमध उभी राहून मोठ्याने वाजवत सुटले. मध्येच वीज आली, पंखा फिरू लागला. टीव्ही मात्र बाबांनी लावला नाही.

आता कार्यक्रमात लोक फर्माइशी करतात. पहिली कुणी केली होती, हे कळायला मला फार वर्षं लागली.