वायरला खार लागली

दात असलेल्या झाडून साऱ्या प्राण्यांनी ज्यांच्या दारात एकदा तरी हजेरी लावली, असा माणूस अख्ख्या हुलसूर तालुक्यात एकच: आमचे साडू. म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साडूचं नातं मोठं चमत्कारिक असतं. ते आपण निवडलेलं नसतं, मोडता येत नाही, आणि दोघांची गाऱ्हाणी एकाच घरातल्या लेकींची असल्यामुळे मोकळेपणाने मांडताही येत नाहीत. मी गुलबर्ग्यात तुरीच्या आडतीवर बसणारा माणूस, ते हुलसूरचे शेतकरी. पण गाव त्यांना ओळखतं ते ‘वायरवाले अप्पा’ म्हणून. हौशी वायरलेसचा रीतसर सरकारी परवाना त्यांच्या भिंतीवर देवांच्या शेजारी लटकतो. घरात एक यंत्र, अंगणात उंच खांब, खांबावर एरियल, आणि खांबापासून खिडकीपर्यंत काळी, जाडजूड केबल. त्या यंत्रासमोर बसून ते दूरदूरच्या अशाच हौशी लोकांशी बोलतात. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, आपलं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं. ही सवय अंगात इतकी मुरलीय, की स्वयंपाकघराकडे तोंड करूनही ते “चहा टाक. ओव्हर,” म्हणतात. मेहुणीबाईंनी मात्र संसारात एकदाही ओव्हर म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

“खिशात फोन आहे, मग हा उपद्व्याप कशाला?” असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “फोनवर कामाचं बोलतेत ओ साडूभाऊ. हितं बिनकामाचं बोलता येतंय.”

बिनकामाचं बोलण्यात त्यांना जोडीदार मिळाला होता अफजलपूरकडचा. रिटायर झालेले एक कानडी मास्तर, बायको गेलेली, मुलं लांब, घरात एकटे. रोज सकाळी, चहाच्याही आधी, या दोघांची गाठ पडायची. थोडं कानडी, थोडं मराठी, अडलं तिथे दखनी. विषय म्हणाल तर हवा कशी आहे, आवाज कसा येतोय, काल कोण सापडलं. बस्स. पण एवढ्यासाठी आमचे साडू कुणाच्या लग्नाला गेले तरी मुक्काम करत नसत.

आता या सगळ्या थाटाचा जीव त्या केबलीत, आणि केबलीवर साऱ्या सृष्टीचा डोळा. आधी ती कुंपणावरून नेली होती, तर शेजारच्या धनगराच्या शेळीने वेल समजून हातभर ओरपली. भांडायला गेले, तर तो म्हणाला, “शेळीला काय कळतंय अप्पा, वायर कुटली अन् वेल कुटला?” हे साडूंना इतकं पटलं, की चहा पिऊन परत आले. मग केबल पत्र्याखालून नेली, तिथे उंदीर. डांबरगोळ्या बांधल्या, तर घरभर असा वास, की पाहुण्यांना ट्रंकेत बसल्यासारखं वाटावं. बाभळीच्या फांद्या गुंडाळल्या, त्यांचे काटे फक्त साडूंनाच लागले. मांजर आणलं, तर ते यंत्राच्या उबेला झोपायला लागलं, आणि उंदीर निवांत झाले. शेवटी केबल लिंबाच्या झाडावरून नेली, तेव्हा तर आगीतून फुफाट्यात! लिंबावर खारींचं राज्य. औषध घाला म्हणून सारं गाव सांगत होतं. साडू ऐकतील तर शपथ. “वायर माझी हाय, पर झाड त्येंचंच हाय की,” एवढंच उत्तर.

खारीपायी झालेला घोटाळा तर आमच्या सीमेवरच होऊ शकतो. साडूंनी सकाळी घाईघाईत मास्तरांना सांगितलं, “वायरला खार लागलीया. ओव्हर.” आता कानडीत खारा म्हणजे तिखट. मास्तरांना वाटलं, यांनी वायरला तिखट फासलं. ते खूश. “चलो आतु बिडरी,” म्हणजे बरं झालं! दुसऱ्या दिवशी साडू म्हणाले, खार लई वाढलीया. मास्तर म्हणाले, “इन्नष्ट हच्चरी,” म्हणजे आणखी लावा! साडू चक्रावले. आणखी खारी आणू कुठून आणि लावू कशा? उलगडा व्हायला आठवडा लागला, आणि झाल्यावर दोघं इतके हसले म्हणे, की ओव्हर म्हणायचं भान राहिलं नाही. पण कल्पना साडूंच्या डोक्यात बसली. मेहुणीबाईंनी वर्षाचं म्हणून कांडून ठेवलेलं तिखट त्यांनी तेलात कालवून केबलीला माखलं. ऊन तापलं, तेल वाळलं, वारं सुटलं आणि तिखट खिडकीतून घरात. सारं घर शिंकून बेजार. “भाजीत चिमूटभर जास्त पडलं तर ताट सारतेत,” मेहुणीबाई डोळे पुसत म्हणाल्या, “अन् वायरीला डबा रिकामा करायलेत!”

मग एकदा खारीने खांबावरच, केबल एरियलला मिळते त्या सांध्यात, घरटं केलं. केबलीचंच साल सोलून आत मऊ अंथरूण, आणि त्यात पिलं. साडू शिडीवरून खाली आले ते हात जोडून. “बाळंतीण हाय. आता काई करता येत न्हाई.” यंत्र बंद. आणि तेव्हा ध्यानात आलं, की मास्तरांचा फोन नंबरच त्यांच्याकडे नाही. इतक्या वर्षांत घेतलाच नव्हता. “नंबर कशाला घिऊ? रोज भेट व्हती की!” मग मात्र त्यांना चैन पडेना. सकाळी मुक्या यंत्रासमोर जाऊन बसायचे. “मी बोलंना म्हणल्यावर काय वाटत असंल ओ त्यांना? एकटं माणूस हाय ते,” हेच पालुपद.

त्याच दिवसांत येळवशीसाठी, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणासाठी, आम्ही दोघं हुलसूरला गेलो होतो. भज्जीची, म्हणजे मिसळीच्या भाजीची, आणि आंबिलाची भांडी गाडीत चढत होती, तेवढ्यात फाटकाशी एक वाकलेले, काठी टेकणारे गृहस्थ येऊन उभे राहिले. धोतर धुळीने माखलेलं. तीन गाड्या बदलून, गावात ‘वायरवाले अप्पा’ विचारत आलेले. चेहरा असा, की कुणाच्या घरी समाचाराला आलेत हे सांगावं लागू नये. त्यांनी साडूंकडे पाहिलं. साडूंनी विचारलं, “कोण पाहिजे?”

तो आवाज ऐकला आणि म्हातारबुवा पायरीवर मटकन बसले. “इद्दीरी?” म्हणाले. आहात?

“हाव की मास्तर, हाव की!” साडू धावले. दोघांच्याही डोळ्यांना धारा. मीही उगाच भांड्यांची उचकपाचक करत राहिलो.

शेतात त्यांना शेजारी शेजारी बसवलं, तर दोघांना बोलणं सुचेना! आयुष्यभर न बघता बोललेली माणसं, समोरासमोर आल्यावर नव्या नवरीसारखी लाजायला लागली. शेवटी मास्तरांनी तोंड फिरवून ज्वारीकडे बघत “आंबील झकास आहे. ओव्हर,” म्हटलं, आणि मग कुठे गाडी चालू लागली.

त्यांना बसमध्ये बसवून परतताना साडू म्हणाले, “आवाजावरनं वाटायचं, आपल्याच वयाचे असतेल. एवढे थकलेत, ठावंच नव्हतं मला.” फोन नंबर आता दोघांकडे आहेत, पण फोन कुणी करत नाही. फोन वाजला की भ्या वाटतंय, म्हणतात.

पिलं उडाणटप्पू होऊन निघून गेल्यावर साडूंनी केबल लोखंडी पाइपात घातली. आता ऐरावताचेही दात लागायचे नाहीत. मी शिडी धरली होती. पाहतो तर वरचा हातभर तुकडा त्यांनी मुद्दाम उघडा ठेवलेला.

“अहो, तेवढाच खातील की पुन्हा!” मी ओरडलो.

“राहू द्या,” ते वरूनच म्हणाले. “कवातरी एक दिवस माझा आवाज जाणार न्हाई. तवा मास्तरांनी लगेच फोन करू नये. खारीनं वायर खाल्ली असंल म्हणत दोन दिवस तरी त्येंचे बरे जावेत की.”

मी शिडी घट्ट धरून उभा राहिलो.