ओट्यावरचा डबा

माझ्या थोरल्या साडूंइतका, नुसत्या येण्यानं माणसाला स्वतःचेच खिसे चाचपायला लावणारा सज्जन सातारा-सांगली पट्ट्यात दुसरा नसेल. ते माधवनगरचे, सरकारी यादीतले ऑडिटर. आणि रहिमतपूरजवळच्या आमच्या दूध संस्थेची वार्षिक सभा दरवर्षी हात वर करून त्यांनाच निवडायची. पॅसेंजरमधून उतरले की थेट संस्थेत. ज्या गावचा हिशेब तपासायचा त्या गावचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यातून साडूचं, म्हणजे आमचं, घरही सुटलं नव्हतं. आत मटणाचा रस्सा उकळत असायचा आणि आमच्याच ओट्यावर हे घरून आणलेला डबा उघडून भाकरी मोडत बसायचे. "आवं दाजी, लोक काय म्हणतील?" बायको रडकुंडीला यायची. "म्हणतील, ऑडिटर डबा घिऊन आलाय," म्हणत ते चटणीला बोट लावायचे. मी दाराआड. संस्थेचा मी साधा सभासद, तरी ते गावात असले की आपलंच काहीतरी सापडणार असं वाटायचं. एकदा ओट्यावरूनच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून "पुढं हाय" एवढंच म्हणाले, तर माझी झोप उडाली.

कागद ते शेवटी बघत. आधी गोदाम. "पोत्यावर बसल्याबिगर पोतं कळत न्हाई," म्हणत पेंडीच्या पोत्यापोत्यावर बसून बघायचे, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखे गंभीर. परवाच्या वर्षी थप्पीच्या टोकावर बसायला चढले आणि दिसेनासे झाले. थप्पी बाहेरून गच्च, वर एक थर, आत विहिरीसारखी पोकळ रचलेली. आम्ही धावलो तर आतून शांत आवाज आला, "चेअरमन, माल कमी हाय. आन् शिडी आना." सगळे हसले. चेअरमनही हसले, पण बघत होते माझ्याकडे. माझी मुलगी त्याच संस्थेत तात्पुरती कारकून होती आणि दिवाळीनंतर तिला कायम करायचं होतं.

पुढच्या सभेत चेअरमननी नवा ऑडिटर सुचवला. साडू समोरच्या खुर्चीत, मुलगी दाराशी सह्या घेत होती. "जुन्यांच्या बाजूनं कोन?" चेअरमननी विचारलं. माझा हात टोपीपर्यंत गेला, त्यानं टोपी सारखी केली आणि तो खाली आला. हात मोजताना गलका झाला, सचिवाला सुधरेना, तेव्हा साडू स्वतःच उठले. ओळीओळीनं मोजत आले. माझ्यापाशी थांबले नाहीत. "मोजनी बरोबर हाय," म्हणाले, "मी पडलो."

टोपीचं हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सभा सुटल्यावर साडू घरी आले, डब्याची पिशवी खुंटीला अडकवली, पाय धुतले आणि पहिल्यांदाच आत येऊन पाटावर बसले. "वाढ गं. आता काय आडकाठी न्हाई." दाजींचा हट्ट एकदाचा सुटला म्हणून बायकोनं डोळे पुसले. त्यांनी रस्सा मागून घेतला. मग माझ्या ताटाकडे बघून म्हणाले, "पाव्हणं, तुमी का थांबलाय? जेवा की."

मुलगी कायम झाली. साडू अजून येतात, पोटभर जेवतात, नातवंडांचं सांगतात. घड्याळ मी अजून पुढंच ठेवलंय. त्याच्याकडे बघून ते काही म्हणत नाहीत.