शिवी नसलेला मेसेज

सोमवारी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी दीपमालाच्या पडद्यावर एक अमेरिकन माणूस दुसऱ्याचं डोकं फोडून त्या कवटीत बियर ओतायच्या गोष्टी करत होता. तिनं वाचलं, 'नुसती बडबड' असा शेरा मारला आणि पुढचा मेसेज उघडला.

शंकर नगरातल्या ऑफिसात तिचं काम एवढंच: परदेशी लोकांनी एकमेकांवर ओकलेल्या घाणीतून खरी धमकी निवडून काढायची. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, तशी असली ऑफिसं इथं आली. रेल्वेतून निवृत्त झालेले तिचे वडील नत्थू शेजाऱ्यांना सांगत, "पोट्टीले इंग्रजी शिव्या वाचाचा पगार भेटते."

पहिल्या आठवड्यात तिनं एका शाळकरी मुलीला धोकादायक ठरवलं होतं. मुलीनं आवडत्या गायिकेला लिहिलं होतं, 'तू मारून टाकलंस, मी मेले.' टीम लीडर निधी हसली. "दीदी, ये तो तारीफ है."

मग दीपमालानं ती बोली घोकली. 'हे हात झेल' म्हणजे मार खायला तयार हो. 'तू माझ्यासाठी मेलास' म्हणजे बोलणं बंद. इतकी घोकली, की ज्यात बोलीच नाही ते तिला निरुपद्रवी वाटू लागलं. 'ती चारला बस स्टॉपवर असते. मी तिथे असेन.' हे तिनं बिनघोर सोडून दिलं. त्या बाईला चारच्या सुमारास बस स्टॉपवरच भोसकलं. निधीनं ते प्रकरण सगळ्यांना दाखवलं. चूक कुणाची, हे सांगितलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत थोरल्या बहिणीनं, प्रमोदिनीनं, नवऱ्याचा मेसेज पुढे पाठवला. सुशील शहराबाहेर उरल्याच्या कारखान्यांत, लोखंडी सळया बनवणाऱ्या रोलिंग मिलमध्ये होता. महिन्याभरापूर्वी प्रमोदिनी त्याला सोडून माहेरी आली होती. 'आज अडीचला येतो. बाबा झोपले असतील. मागचं दार उघडं ठेव. बोलायचं आहे.'

दीपमालानं लगेच फोन लावला. "ताई, बाबांना घे अन् शेजारी जा."

"काहून वं? किती चांगलं लिहिलं त्यानं. एक शिवी नाही."

"म्हणूनच."

सुशील एरवी कापून नाल्यात फेकायच्या, चामडी सोलायच्या गोष्टी करायचा. तो ओरडला की पुढे काही होत नसे, म्हणून कुणी जागचं हलतही नसे. ज्या दिवशी त्यानं प्रमोदिनीचा जबडा मोडला, त्या दिवशी तो फक्त "चहा ठेव" म्हणाला होता. हे प्रमोदिनीलाही आठवलं असावं. ती चप्पल शोधू लागली. फोन नत्थूंनी घेतला.

"मी माह्या घरातून पळू काय? येऊ दे त्याले."

दीपमालानं पोलिसांना एकशे बारावर फोन केला.

"क्या धमकी दी है?" पलीकडच्यानं विचारलं.

"धमकी नहीं दी. बोला है, ढाई बजे आऊँगा."

"पति है न? आएगा ही. घर का मामला है, मॅडम."

तिनं क्षणभर डोळे मिटले. मग इंग्रजीतून रोज वाचायची ते सगळं हिंदीत ओतलं. "बोला है, टुकड़े करके नाले में फेंक दूँगा. आंतें निकालकर गले में डालूँगा. सबको ज़िंदा जलाऊँगा."

"गाड़ी भेज रहे हैं."

ती रिक्षानं पोचली तेव्हा मागचं दार बिजागरीतून निखळलं होतं. सुशीलच्या हातात मिलमधली सळई होती. प्रमोदिनी सापडली नाही, म्हणून त्यानं नत्थूंना धरलं होतं. पहिल्या फटक्यानं मनगट मोडलं, दुसऱ्यानं कानावरची कातडी फाटली. तिसरा पाठीवर बसला. रक्त भिंतीवर फ्रीजच्या उंचीपर्यंत उडालं होतं. सुशील एक शब्द बोलत नव्हता. चौथ्यांदा त्यानं सळई उचलली, तेवढ्यात दोन शिपाई आत घुसले. त्यांनी त्याला फरशीवर पालथा पाडला आणि दात पडेपर्यंत हाणला.

संध्याकाळी ठाण्यात हवालदारानं मेसेज दोनदा वाचला. "इसमें नाले वाली बात कहाँ है?"

"वो मैंने बोली थी," दीपमाला म्हणाली.

"क्यों?"

"इसको पढ़के आप आते क्या?"

हवालदारानं जबाबाचा कागद पुढे ओढला. जबाबात तिचं खोटंही लिहावं लागेल, एवढं सांगितलं. सुशीलचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवणार होता. "लिखिए," ती म्हणाली.

नत्थूंच्या मनगटाचं ऑपरेशन उद्या सकाळी आठला आहे. दीपमालाची ड्यूटी साडेनऊला सुरू होते. जबाबावर सही करायला तिला अकराला ठाण्यात बोलावलं आहे.